माझा गुणक १७

माझं वय २८. मोटार अपघाताच्या कायद्याच्या हिशोबात माझा गुणक १७ आहे. म्हणजे उद्या मी कॅबमध्ये बसलो आणि घरी पोचलोच नाही, तर माझं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात थोडी भर घालायची, मी स्वतःवर उडवला असता तो भाग वजा करायचा आणि उरेल त्याला १७ ने गुणायचं. तुमचं वय ३१ ते ३५ असेल तर तुमचा गुणक १६. पंचविशीच्या आत असाल तर १८. ६५ च्या पुढे गेलात की ५.

हा तक्ता सर्वोच्च न्यायालयाचा आहे. १९८८ साली दिल्लीत बसच्या धडकेत ३८ वर्षांचा एक सरकारी शास्त्रज्ञ गेला. त्याच्या घरच्यांच्या दाव्याचा अंतिम निकाल लागला २००९ मध्ये. तो निकाल ‘सरला वर्मा’ या नावाने ओळखला जातो आणि आजही देशभरातली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं त्यातला तक्ता समोर ठेवून हिशोब करतात. २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने त्यात भर घातली: चाळिशीच्या आतल्या माणसाची कायम नोकरी असेल तर उत्पन्नात ५० टक्के वाढ धरायची, स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० टक्के.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे तक्ता दिसला की मला बरं वाटतं. तक्ता म्हणजे कुणाची मर्जी नाही. समोरचा न्यायाधीश दयाळू आहे की कंटाळलेला, यावर रक्कम ठरणार नाही. दोन सारख्या माणसांना सारखे पैसे मिळतील. हे सगळं खरंच आहे, आणि सरला वर्मा निकालामागचा हेतूही हाच होता. प्रश्न येतो तो दोन असमान माणसं एकाच गाडीत बसलेली असतात तेव्हा. कॅबमध्ये बहुतेक वेळा तसंच असतं. एक मागे बसतो, एक पुढे.

एक हिशोब करून पाहू. मागे २८ वर्षांचा अविवाहित इंजिनियर. कर वजा जाता महिन्याला हातात ९०,००० रुपये. वर्षाचे झाले १०,८०,०००. त्यात ५० टक्के वाढ धरली की १६,२०,०००. अविवाहित माणूस निम्मा पैसा स्वतःवर खर्च करतो असं कायदा गृहीत धरतो, म्हणून उरले ८,१०,०००. गुणिले १७. एक कोटी ३७ लाख ७० हजार.

पुढे ३४ वर्षांचा चालक. बायको, दोन मुलं, आई असे चौघं त्याच्यावर अवलंबून. प्राप्तिकराचं विवरणपत्र त्याने कधी भरलेलं नाही, म्हणून न्यायाधिकरणाने त्याचं उत्पन्न अंदाजे १५,००० धरलं असं समजू. वर्षाचे १,८०,०००. ४० टक्के वाढ धरून २,५२,०००. चार माणसं अवलंबून असल्यामुळे स्वखर्चाची वजावट एक चतुर्थांश, उरले १,८९,०००. गुणिले १६. तीस लाख २४ हजार.

गाडी एक, रस्ता एक, धडक एक, आणि रकमेत साडेचार पटींचा फरक. त्यातही ज्याच्या पगारावर घरातलं कुणीच अवलंबून नाही त्याच्यामागे कोटी, आणि ज्याच्यामागे चार ताटं आहेत त्याच्यामागे तीस लाख.

यावर तयार उत्तर असं असतं की ही जिवाची किंमत नाहीच. जे उत्पन्न बंद पडलं ते भरून काढायचं, एवढंच काम. ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार सांगितले होते. एक वाटपाचा न्याय, म्हणजे कुणाला किती मिळावं हे ठरवणं. दुसरा दुरुस्तीचा न्याय, म्हणजे कुणाचं काही हिरावलं गेलं तर तेवढं परत करणं. अपघाताचा कायदा दुसऱ्या प्रकारचा. घटनेच्या आदल्या दिवशी तुम्ही जिथे होता तिथे तुम्हाला, निदान पैशांपुरतं, परत नेऊन ठेवायचं. तो आदला दिवस न्याय्य होता का, हे या कायद्याचं खातं नाही.

हे उत्तर मला बराच काळ पटत होतं. दोन गोष्टींनी ते हललं. पहिली गोष्ट म्हणजे हे पैसे येतात कुठून. गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सरकार ठरवतं, गाडीच्या प्रकाराप्रमाणे. धडक कुणाला बसेल आणि त्याचा पगार किती असेल, याचा हप्त्याशी संबंध नाही. म्हणजे लातूरहून येऊन कर्जावर गाडी घेतलेला माणूस आणि हिंजवडीतला मॅनेजर एकाच पेटीत पैसे टाकतात, पण वेळ आली की पेटीतून उचल होते ती ज्याच्या त्याच्या पगाराच्या प्रमाणात. भिशीत सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे आणि ज्याचं घर मोठं त्याला मोठा नंबर लागायचा, असं कुणी सांगितलं तर आपण ती भिशी सोडून देऊ.

दुसरी गोष्ट म्हणजे हे आकडे वाटतात तितके नैसर्गिक नाहीत. २००१ मध्ये, जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल न्यायालयाने महिन्याला ३,००० रुपये धरलं. २०२१ च्या ‘कीर्ती’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरकामाचं उत्पन्न मोजणं हा त्या कामाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि गृहिणीच्या बाबतीतही भविष्यातली वाढ धरली पाहिजे. घरातलं काम तेच राहिलं, मोजणारे बदलले. काय ‘उत्पन्न’ मानायचं हे आपणच ठरवतो. मग ‘आम्ही फक्त गुणाकार करतो’ असं म्हणता येत नाही.

*

आता जे माझ्या घरात घडलं ते सांगतो. कारण वरचा सगळा अभ्यास मी हौसेने केलेला नाही.

माझा रूममेट मुंबई विमानतळावरून रात्री कॅब करून पुण्याला येत होता. एक्स्प्रेसवेवर, कामशेतचा बोगदा मागे पडल्यावर, पहाटे चारच्या सुमाराला गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. ट्रकचे मागचे दिवे बंद होते, त्रिकोण लावलेला नव्हता. रूममेटच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. चालकाचा उजवा हात कोपराखाली चिरडला गेला. हात वाचला, पण मूठ नीट वळत नाही.

रूममेटला कंपनीचा मेडिक्लेम होता. तीन आठवड्यांनी त्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन काम सुरू केलं. पगार एक दिवसही थांबला नाही. चालकाची गाडी त्याच्याच नावावर, कर्जावर. गाडीचा चेंदामेंदा, हात असा, हप्ता सुरू. गाडीच्या मालक-चालकाला सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मृत्यूला, हात, पाय, डोळा गमावण्याला किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला लागू होतो. हात जागेवर आहे आणि नुसती मूठ वळत नाही, याला त्यात रकाना नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये ॲपवाल्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्रत्येक चालकाला किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा द्यायला सांगितलं होतं. आरोग्य विमा दवाखान्याचं बिल भरतो. मुदत विमा माणूस गेल्यावर मिळतो. या दोहोंच्या मध्ये जिवंत राहून कमवू न शकणारा माणूस उभा असतो, आणि त्याच्यासाठी उरतो एकच रस्ता: ट्रकच्या विमा कंपनीवर दावा.

कायद्यात त्याच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. २०१० च्या ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरच्या दाखल्यावरचं अपंगत्व आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर दाखल्यावर साठेक टक्के येईल. पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही. हात काय करत होता, हे विचारणारा कायदा मला आवडतो.

अडचण वेगळीच होती. रूममेटने आरशात पाहिलं होतं. धडकेच्या आधीची दहाएक मिनिटं चालकाचे डोळे मिटत होते. एकदा त्याने ‘दादा, चहा घेऊ या का?’ असं विचारलंही होतं. ‘टोलनाक्याच्या पुढे घेऊ, सर,’ असं उत्तर आलं. टोलनाका आलाच नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा करायचा तर कुणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. प्रवासी म्हणून रूममेटची बाजू भक्कम होती. दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असं २०१५ च्या ‘खेन्येई’ निकालात स्पष्ट झालेलं आहे. म्हणजे चालक झोपला होता की ट्रकचा दिवा बंद होता, याने त्याला मिळणाऱ्या रकमेत फरक पडणार नव्हता. चालकाला मात्र पडणार होता. त्याच्या स्वतःच्या दाव्यात त्याची चूक जितके टक्के ठरेल तितके टक्के रक्कम कमी. आणि गाडीत दुसरा साक्षीदार नव्हता.

चालकाचा वकील रूममेटला भेटायला आला. बोलायला सरळ माणूस. म्हणाला, “तुम्ही खोटं काही सांगू नका. ट्रकचे दिवे बंद होते एवढंच सांगा. ते खरंच आहे ना?” रूममेटच्या बाबांनी फोनवर उलटं सांगितलं, “जे पाहिलंस ते सगळं सांग. शपथेवर अर्धं बोलायचं नसतं.”

दोघांचंही म्हणणं चूक नव्हतं. अडकायला झालं ते म्हणूनच.

*

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की नंतर एक बैठक होते. चांगल्या टीममध्ये तिचा एक नियम असतो: कुणाचं नाव घ्यायचं नाही. कोणत्या मुलाने चुकीची कमांड चालवली हे विचारायचं नाही, ती कमांड चालू शकली कशी हे विचारायचं. नियमामागे दयामाया नाही. नाव घेतलं की लोक लपवतात, आणि लपवलं की सर्व्हर पुन्हा पडतो.

या नियमाने त्या रात्रीकडे पाहिलं तर काय दिसतं? चालक आदल्या दुपारपासून रस्त्यावर होता. दोन ॲपवर. २०२० च्या त्याच सूचनांमध्ये लिहिलेलं होतं की चालकाने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉग-इन राहू नये आणि त्यानंतर १० तासांची विश्रांती सक्तीची. एका ॲपवर त्याचे आठ तास झाले होते, दुसऱ्यावर सहा. प्रत्येक ॲपच्या लेखी तो ताजातवाना माणूस होता. बेरीज करणारं कुणी नव्हतं. लायसन्सचा नंबर ही किल्ली धरून सगळ्या ॲपचे तास एका जागी जमवायचे आणि बारा झाले की सगळीकडे बुकिंग बंद करायचं, हे काम तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. मी स्वतः याहून किचकट गोष्टी, डिस्काउंट कूपन दोनदा वापरलं जाऊ नये यासाठी, लिहिलेल्या आहेत.

अपघातांच्या कायद्यावर विचार करणाऱ्या ग्विदो कॅलाब्रेसी यांनी १९७० च्या ‘द कॉस्ट्स ऑफ ॲक्सिडेंट्स’ या पुस्तकात एक प्रश्न मध्यभागी आणला. अपघात टाळणं सगळ्यांत स्वस्तात कुणाला जमलं असतं? जबाबदारी त्याच्यावर टाका, म्हणजे तो टाळायला शिकेल. चौदाव्या तासाला डोळे उघडे ठेवणं चालकाला किती महाग पडतं, आणि चौदाव्या तासाला बुकिंग न देणं ॲपला किती स्वस्त पडतं, याची तुलना करायला वेगळं शास्त्र लागत नाही.

पण दाव्याच्या अर्जात ॲपसाठी सहज सापडणारा रकाना नाही. जाबदार क्रमांक एक चालक, दोन मालक, तीन विमा कंपनी. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘ॲग्रीगेटर’ ही व्याख्या आली, तीही प्रवासी आणि चालकाची गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ अशी. मध्यस्थाने गाठ घालून दिली, पुढचं तुमचं तुम्ही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये उबरच्या बाबतीत म्हटलं की ही नुसती माहितीची देवाणघेवाण नाही, ही वाहतूक सेवा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिथल्या चालकांना कामगार मानलं, कारण भाडं कोण ठरवतं, अटी कोण ठरवतं, हे न्यायालयाने पाहिलं. करारात काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात दोरी कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न तिथे विचारला गेला.

दोरीइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे नोंद. वर केलेल्या हिशोबात मी चालकाचं उत्पन्न १५,००० धरलं, कारण कागद नव्हता. पण कागद आहे. ॲपकडे त्याच्या प्रत्येक फेरीचा पैसा रुपयापर्यंत लिहिलेला आहे. डिझेल आणि हप्ता वजा जाता समजा २८,००० निघाले. तर त्याच मृत्यूच्या सूत्राने रक्कम ५६ लाख ४४ हजार ८०० होते. फरक २६ लाखांचा. हे २६ लाख गरिबीमुळे कमी झालेले नाहीत. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असलेली एक फाइल न्यायाधिकरणासमोर आली नाही, म्हणून कमी झाले. आणि तो किती तास जागा होता याची नोंदही त्याच सर्व्हरवर आहे. त्याला सोडवणारा पुरावा आणि त्याला अडकवणारा पुरावा एकाच्याच ताब्यात, आणि तो म्हणतो मी फक्त मध्यस्थ.

*

इथे वकिलांबद्दल दोन शब्द, कारण असा अपघात झाल्यावर पहिला फोन कुणाला करायचा हे आपल्यातल्या कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेत अपघाताचे वकील ‘जिंकलो तर एक तृतीयांश, हरलो तर शून्य’ अशा बोलीवर काम घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई करतात. वकिलाने अशिलाच्या पैशात भागीदार होऊ नये, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण ज्याच्याकडे आज देण्यासारखं काही नाही, त्याच्यासमोर मग उघड वाट राहत नाही. राहते ती दवाखान्याच्या दाराशी हळू आवाजात ठरणारी टक्केवारी, जिची पावती मिळत नाही आणि जिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. उघड वाट आहे ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कामगार आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेले, यांना तिथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे सही करण्याआधी कुणीतरी सांगायला हवं. आणि दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, अशी अट २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली आहे. हाड जुळायला कधी कधी तेवढाच वेळ लागतो.

चालकासाठी दुसरा एक रस्ता होता. कलम १६४. तिथे चूक कुणाची हे विचारत नाहीत. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं गंभीर दुखापतीत बसतं. पण ते पैसे स्वीकारले की १६६ खालचा मोठा दावा संपतो. म्हणजे अडीच लाख आणि प्रश्न नाहीत, किंवा कदाचित दहा-पंधरा लाख आणि उलटतपासणी. ज्याच्या गाडीचा हप्ता थकलाय त्याला ही ‘निवड’ आहे असं म्हणणं मला जड जातं.

न्यूझीलंडने १९७४ मध्ये हा प्रश्नच वेगळा मांडला. तिथे अपघातात इजा झालेल्या प्रत्येकाला सरकारी निधीतून उपचार आणि कमावत्याला त्याच्या उत्पन्नाच्या ८० टक्के मिळतात. चूक कुणाची, याची चौकशी भरपाईसाठी होत नाही. बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क लोकांनी सोडला. पैसे मालकांकडून, कमावत्यांकडून, पेट्रोल आणि गाडीच्या नोंदणीतून येतात. तिथेही मोठ्या पगाराला मोठी रक्कम आहेच, त्यामुळे माझी पहिली तक्रार तिथेही राहते. पण त्या व्यवस्थेत माझ्या रूममेटला दोन सत्यांतून एक निवडावं लागलं नसतं. त्याचं सत्य चालकाच्या हाताशी बांधलेलंच नसतं.

यावर एक आक्षेप मी स्वतःशी बराच घोळवला. चूक विचारायचीच नाही, तर मग झोपेत गाडी चालवणाऱ्याला काहीच नको वाटायला? तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘मॉरल लक’ या निबंधात एका लॉरीचालकाचं उदाहरण घेतलं आहे. त्याची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. बघणाऱ्यांना वाईट वाटतं, पण त्याला जे वाटतं ते वेगळ्या जातीचं असतं, आणि त्याला तसं काहीच वाटलं नाही तर आपल्याला त्याच्याबद्दल शंका येईल. मला यातून जे कळलं ते असं: चूक मोजणं आणि ओझं वाहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकारने थांबवली तरी दुसरी थांबत नाही. तो चालक दर आठवड्याला रूममेटला फोन करून ‘सर, पाय टेकवता येतो का?’ असं विचारायचा. हे त्याला कुठल्या कलमाने करायला लावलं नव्हतं. उलट त्याच्या वकिलाने त्याला फोन करू नको म्हणून बजावलं होतं, कारण विचारपूस म्हणजे कबुली ठरू शकते. दोष शोधणारी व्यवस्था माणसाला माफी मागण्यापासूनही रोखते.

*

मग त्याने काय केलं? प्रतिज्ञापत्र करण्याआधी त्याने चालकाला घरी बोलावलं आणि लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ट्रकचे दिवे बंद होते. त्रिकोण नव्हता. चालकाचे डोळे मिटत होते. चालकाने रस्त्यात सांगितलं होतं की तो दुपारपासून दोन ॲपवर गाडी चालवतोय आणि महिनाअखेरीला हप्ता आहे. शेवटी एक विनंती: दोन्ही कंपन्यांकडून त्या दिवसाच्या लॉग-इनच्या आणि मागच्या वर्षभराच्या कमाईच्या नोंदी मागवाव्यात.

चालक बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “झोपेचं लिहिलंय तर का झोप आली तेही लिहिलंय, हे बरं केलं.” जाताना त्याने डाव्या हाताने दार उघडलं.

दावे चालू आहेत. काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि या लेखापुरतं ते महत्त्वाचंही नाही. मला विचार करायला लावलं ते त्या कागदाने. वकील म्हणत होता अर्धं सांग. बाबा म्हणत होते सगळं सांग, पण त्यांच्या ‘सगळं’मध्ये मिटलेले डोळे होते, चौदा तास नव्हते. आपण ज्याला संपूर्ण सत्य म्हणतो ते बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांचं असतं, कारण आरशात तेवढंच दिसतं. त्याआधीचं सत्य कुणीतरी मागितल्याशिवाय कागदावर येत नाही.

म्हणून मला वाटतं, अशा वेळी साक्षीदाराचं काम खरं बोलण्यावर संपत नाही. खरं कुठे तोडायचं हे अर्जाच्या रकान्यांना ठरवू द्यायचं नाही, हेही त्याचं काम आहे. त्याने चालकाचं नुकसान होणार नाही अशी हमी नाही. कदाचित न्यायाधिकरण झोप लिहून घेईल आणि तास वगळेल. पण मागच्या सीटवरच्या माणसाकडे पगार आहे, मेडिक्लेम आहे, वाचायला वेळ आहे. तक्त्याने त्याला आधीच साडेचार पट दिलेलं आहे. नोंदी मागवण्याचा एक अर्ज त्याने करावा, एवढं तर त्याच्याकडून मागता येतं.